पुणेरी पंगतीतला परदेश

शनिवारवाड्यापाशी उभे राहून पृथ्वीच्या पोटातून सरळ आरपार भोक पाडले, तर ते पॅसिफिक महासागराच्या पाण्यात निघेल. आणि तिथे गटांगळ्या खाणाऱ्याला वस्तीची सर्वांत जवळची जमीन म्हणजे ईस्टर बेट. हे बेट १८८८ पासून चिली देशाच्या मालकीचे आहे. तेव्हा पुणेकराला चिलीइतका परका मुलूख शोधून सापडायचा नाही. तिकडचे अन्न खाऊन पाहण्याची हौस कोणाला आलीच, तर बोटीचे तिकीट काढण्याची मात्र गरज नाही. मालक गल्ल्यावर आणि मालकीणबाई आत चुलीपाशी, अशी एखादी घरगुती खानावळ पेठेत गाठावी आणि एकादशीच्या दिवशी उपासाची थाळी मागवावी.

त्या थाळीत बटाट्याची भाजी असते. आज जगभर पिकणारे बहुतेक बटाटे दक्षिण चिलीच्या किनाऱ्यावरच्या, चिलोए बेटाच्या आसपासच्या वाणांच्या वंशातले आहेत, असे वनस्पतिशास्त्रज्ञ सांगतात. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला. आजचा साबुदाणा ज्या कंदापासून करतात, तो कंदही तिकडचाच. मिरची आणि रताळे हीसुद्धा अमेरिका खंडाची देणगी. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतल्यानंतर ही मंडळी एकामागून एक आपल्या किनाऱ्याला लागली. ‘बटाटा’ हा शब्दच पोर्तुगीज. मूळ अर्थाने तो रताळ्याचा, पुढे या नव्या कंदाला चिकटला. इंग्रजी अमदानीत बटाट्याची लागवड वाढली आणि खेड-मंचरच्या बाजूला तो असा रुजला की, तो कधीकाळी पाहुणा होता हे कोणाला सांगूनही पटू नये.

गंमत अशी की, ज्या उपासाला गहू चालत नाही, तांदूळ चालत नाही, त्या उपासाला हे सातासमुद्रापलीकडचे कंद बिनदिक्कत चालतात! बटाट्याने समुद्र ओलांडला म्हणून त्याला कोणी प्रायश्चित्त दिल्याचे ऐकिवात नाही.

माणसांना मात्र दिले. ऑक्टोबर १८९० मध्ये गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनमध्ये एक व्याख्यानाचा समारंभ झाला. पुण्यातली बरीच प्रतिष्ठित मंडळी जमली होती; त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. व्याख्यान संपल्यावर पाहुण्यांपुढे चहा आणि बिस्किटे आली. कोणी चहा घेतला, कोणी भिडेखातर नुसता कप हातात धरला. पुढे गोपाळराव जोशी यांनी (डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान ते हेच) हजर असलेल्यांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापवून आणली, आणि शहरात एकच गदारोळ उडाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी नेमली गेली. आज हे वाचताना हसू येते, पण ग्रामण्य म्हणजे थट्टा नव्हे. घरात श्राद्ध असले तर भटजी यायचे नाहीत, मुलीचे लग्न जमायचे नाही, दिलेली लेक सासरहून दिवाळीला माहेरी यायची नाही. टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी १८९२ मध्ये स्नेह्यांच्या अडचणीकडे पाहून प्रायश्चित्त घेतले. ते रमाबाईंना किती लागले, हे त्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. समाजसुधारणेच्या एवढ्या मोठ्या पुरस्कर्त्याला एका पेल्याने नमवले, याची रुखरुख मलाही वाटते; पण स्वतः निभावून नेता येईल ते इतरांच्या घरादाराला झेपेलच असे नाही, हेही त्यांनी पाहिले असणार.

वाद चहाचा नव्हताच. पुण्यातली कितीतरी घरे तेव्हा चहा पीत होती. वाद तो कोणी दिला याचा होता. त्याच शहरात १८६८ साली जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता. म्हणजे पाण्याला विटाळ नसतो, हे सांगून बावीस वर्षे उलटली होती. ऐकणारे थोडे होते, एवढेच.

मग हा पेला हळूहळू सोपा केला तो इराण्याने. यज्द आणि केरमान या भागांतल्या जरथुस्त्रींवर इराणात जिझिया होता. मुंबईच्या पारशांनी १८५४ मध्ये माणेकजी लिमजी हतारिया यांना तिकडे धाडले, आणि त्यांच्या खटपटीने अखेर १८८२ मध्ये तो कर उठला. पण गरिबी उठली नाही. माणसे मुंबईला येत राहिली आणि तिथून काही पुण्याला. काही इराणी मुसलमानही आले. डेक्कन जिमखान्यावरचे ‘गुडलक’ १९३५ मध्ये हुसेन अली याक्षी यांनी काढले. आज तो चौकच गुडलकच्या नावाने ओळखला जातो. इराण्याला कोपऱ्याची जागा मिळे, कारण हिंदू दुकानदार ती अशुभ मानीत, असे सांगतात. मला तर वाटते, दोन रस्त्यांवरची गिऱ्हाइके दिसतात एवढे कारण शहाण्या माणसाला पुरेसे आहे.

संगमरवरी टेबल, गल्ल्यावर बाप, भट्टीकडे मुलगा. पण त्या टेबलावर इराणचे असे काय होते? इराणात चहा बिनदुधाचा पितात. हा दूध घालून उकळलेला. पाव पोर्तुगीजांचा, केक इंग्रजांचा, आमलेटातली मिरची अमेरिकेची. इराणी होता तो एक मालक, आणि त्याला गिऱ्हाइकाच्या गोत्राशी कर्तव्य नव्हते. कायदा मागाहून आला: १९५० च्या राज्यघटनेने हॉटेलांची दारे सर्वांना उघडली, आणि अस्पृश्यता पाळणे १९५५ मध्ये शिक्षापात्र गुन्हा ठरले. त्याच १९५५ साली लष्करात ईस्ट स्ट्रीटवर कयानी बेकरी निघाली. तिच्या बिस्किटांसाठी पुणेकर रांगा लावू लागले आणि गावोगावच्या सोयऱ्यांना ती भेट म्हणून नेऊ लागले!

मला पहिल्यांदा इराण्याकडे नेले ते वडिलांनी. माझ्यापुढे बनमस्का आणि चहा आला, त्यांनी स्वतः आमलेट खाल्ले, वर बडीशेप चघळली आणि वाटेत मला दोनदा बजावले, “घरी बोलायचं नाही हं.” घरी आलो तो आजी देवापुढून उठत होती. त्या दिवशी एकादशी आहे, याचा आम्हा दोघांनाही विसर पडला होता.

“बाहेरचं अरबट-चरबट काही खाल्लं नाहीस ना रे?” तिने विचारले. मी मान हलवली. तिने पाट मांडला, आणि हिरवी मिरची व दाण्याचे कूट घातलेली बटाट्याची भाजी माझ्या पानात वाढली.