गरम अंबर

मार्गशीर्षात सारंगखेड्याची दत्तयात्रा भरते. तापीवरून येणारा गार वारा आणि घोडेबाजारातली धूळ. शहाद्याहून गेलेला माणूस ऐपत नसतानाही घोड्यांचे दात बघतो, दर विचारतो आणि परतताना अत्तरवाल्यापाशी रेंगाळतो. अत्तरवाला अत्तराचं नाव विचारत नाही. तो विचारतो, "गरम देऊ की थंड?" वाळा, मोगरा, केवडा, गुलाब हे थंड. हिना, शमामा, कस्तुरी, अंबर हे गरम. थंडीत मर्दगडी गरमच मागतात. मीही मागितलं, कानात फाया अडकवला आणि घरी आलो. भाच्याने कुपी हातात घेऊन विचारलं, "मामा, अंबर म्हणजे आकाश ना? आकाशाला कसला वास?"

त्याचं काही चुकलं नव्हतं. पीतांबरातलं अंबर म्हणजे वस्त्र. दिगंबर म्हणजे दिशा हेच ज्याचं वस्त्र तो. आकाश हाही त्याच संस्कृत शब्दाचा अर्थ. कुपीवरचा अंबर मात्र अरबी आहे. त्याचं स्पेलिंग 'अन्बर', पण 'ब'च्या आधी 'न' टिकत नाही, त्याचा 'म' होतो. त्याचा मूळ अर्थ स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होणारा, किनाऱ्याला लागणारा करडा गोळा. कोकणात तो पकडला की वर्तमानपत्रं 'व्हेलची उलटी' असा मथळा देतात. त्याचा व्यापार आपल्याकडे गुन्हा आहे. रसशास्त्राच्या ग्रंथांत 'अग्निजार' नावाचं एक द्रव्य येतं. अग्निनक्र नावाच्या जलचराची वार समुद्राने बाहेर टाकली आणि ती उन्हात वाळली की अग्निजार होतं, असं त्याचं वर्णन. तेच हे अंबर, असं अनेक वैद्य मानतात. म्हणजे आमच्या अत्तरवाल्याचा 'गरम' जुन्या पोथीतल्या 'अग्नी'चाच भाऊबंद म्हणायचा.

मराठी मुलखाला हा अरबी अंबर माणसाच्या नावातही भेटला. निजामशाहीचा कर्ता वजीर मलिक अंबर हबशी होता आणि त्याचं मूळ नाव चापू. गुलामांना मोलवान किंवा सुगंधी वस्तूंची नावं द्यायची रीत होती: काफूर म्हणजे कापूर, याकूत म्हणजे माणिक. विकत घेतलेल्या पोराला वासाचं नाव दिलं गेलं आणि 1626 मध्ये तो वारला तेव्हा त्या नावाचा दरारा दिल्लीपर्यंत होता.

खरा घोटाळा युरोपात झाला. बाल्टिकच्या किनाऱ्यावर पिवळी, जीवाश्म झालेली राळ वाहून येते. तीही किनाऱ्यालाच सापडते, म्हणून फ्रेंचांनी तिलाही तेच नाव दिलं. मग वेगळेपणासाठी करडा अंबर आणि पिवळा अंबर असे दोन भाग पाडावे लागले. 'अँबरग्रिस' म्हणजे नुसता करडा अंबर. आपल्याकडे पिवळ्याला स्वतंत्र नाव आहे, तृणमणी. घासला की काडी ओढून घेतो म्हणून तृणमणी. फारसीत कहरुबा, अर्थ तोच. त्याचंच रूप असलेला 'कहरबा' आज अरबीत विजेला म्हणतात.

आता गंमत अशी की सध्या पुरुषांच्या महागड्या बाटल्यांवर जे 'अँबर' छापलेलं असतं, त्यात बहुतेक वेळा यांतलं काहीच नसतं. व्हेल नाही, तृणमणीही नाही. असते ती लादन नावाची एका झुडपाची राळ, व्हॅनिला आणि ऊद. (लादन बोकडांच्या दाढीला चिकटलेलं मिळतं, असं हिरोडोटसने लिहून ठेवलंय. मर्दानी सुगंधाची याहून मर्दानी उगमकथा मला ठाऊक नाही.) 2021 मध्ये मायकेल एडवर्ड्स यांच्या प्रसिद्ध सुगंधकोशाने 'ओरिएंटल' हे कुळाचं नाव काढून तिथे 'अँबर' बसवलं. पूर्वेकडचा म्हणणं टाळायचं म्हणून पूर्वेकडचाच शब्द घेतला.

पण यातला ऊद आपला. अरबीत ऊद म्हणजे लाकूड, त्यातही अगरूचं सुगंधी लाकूड. मराठीत येताना तो शब्द त्या लाकडावरून घसरून एका राळेवर चिकटला. अरब तिला 'लुबान जावी', जावाचा लोबान, म्हणत. त्याचंच युरोपात 'बेंझोइन' झालं, त्यावरून 'बेंझीन' आलं, आणि जर्मनीत पेट्रोललाच 'बेंझिन' म्हणतात. हिंदी माणूस अगरबत्ती लावतो, आपण उदबत्ती. उदमांजराशी मात्र याचा संबंध जोडू नका, तो 'उद' संस्कृत 'उद्र'चा, म्हणजे पाणमांजराचा.

सयामकडच्या ऊदात व्हॅनिलिन असतं, म्हणून त्याच्या वासात गोडसर ऊब असते. आमच्याकडे बाळाला न्हाऊ घातल्यावर शेगडीवर ऊद आणि ओवा टाकून धुरी देतात. पुरुषांना अंबर का आवडतो, याची उत्तरं जाहिराती रुबाबात आणि मोहकपणात शोधतात. मला ते त्या शेगडीत दिसतं. सव्वा महिन्याचं पोर मुलगा असो की मुलगी, ओळखीचा पहिला गरम वास तोच.

आणि धुपाची राळ तर आमच्या दारातही आहे: शहाद्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या कोरड्या उतारांवर सालई उभी आहे. संस्कृत 'शल्लकी'ची सालई. खाच पाडली की तिच्यातून सोनेरी, धुपाला चालणारा डिंक पाझरतो. जावाच्या नव्हे, अरबांच्या मूळ लोबानाच्या झाडाची ती सख्खी बहीण.

सारंगखेड्याला आलात तर अत्तरवाल्याला अंबर मागू नका, एकच कुपी दाखवील. नुसतं 'गरम' म्हणा.