पदमसींची दोन चित्रं आणि कलम २९२

मंडळी, आज जरा अवघड विषय घेतलाय. भाचे-पुतणे आणि नातवंडंही इथे डोकावतात हे ठाऊक आहे, तरीही घेतलाय.

साल १९५४. अकबर पदमसी, वय वर्षे २६, जे.जे.त शिकलेले मुंबईकर, पॅरिसहून परतले आणि जहांगीर आर्ट गॅलरीत त्यांनी चित्रं मांडली. गॅलरी तशी नवीच, १९५२ची. प्रदर्शनात ‘लव्हर्स’ नावाची दोन चित्रं होती. नग्न स्त्री-पुरुष, आणि पुरुषाचा हात स्त्रीच्या स्तनावर. पोलीस आले, चित्रं उतरवा म्हणाले. पदमसींनी साफ नकार दिला. मग कलम २९२ खाली अश्लीलतेचा खटला!

आता गंमत पाहा. नुसत्या नग्नतेचं मुंबईला नवल नव्हतं. जे.जे.त समोर मॉडेल बसवून शरीर रेखाटणं हा शिक्षणाचाच भाग. खटकला तो हात. शरीर दिसलेलं चालतं, पण एका शरीराला दुसऱ्याची ओढ असते हे दिसलेलं चालत नाही. मी त्या चित्राची फक्त छापील प्रत पाहिली आहे. आकृत्या गंभीर, मूर्तीसारख्या ताठ. चावटपणा शोधूनही सापडत नाही हो.

आणि आपल्या कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवर जोडपी कोरलेली आहेतच की! अंगावर वस्त्र बेताचंच. तिथे मी शाळेच्या किती सहली नेल्या, एकाही पालकाची चिठ्ठी आली नाही. देवळातल्या मूर्तींना त्या कलमात पूर्वीपासून सूट होती. शास्त्र, साहित्य, कला यांच्यासाठीची सूट कायद्यात आली ती १९६९ साली. म्हणजे पदमसी कोर्टात उभे राहिले तेव्हा हा आधार नव्हता. तरी ते निर्दोष सुटले. सरकार हायकोर्टात गेलं, तिथेही निकाल कायम राहिला.

हे एकट्या चित्रकारांपुरतं नव्हतं. र. धों. कर्व्यांवर ‘समाजस्वास्थ्य’पायी खटले झाले. १९३४च्या खटल्यात बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते, तरी दंड झालाच. मर्ढेकरांना कवितांसाठी कोर्टाची पायरी चढावी लागली, ते १९५२ साली सुटले. कर्वे १९५३ साली गेले, आणि पुढच्याच वर्षी त्याच शहरात हा खटला. एक पिढी भांडून थकते तोवर पुढची वकील शोधायला लागलेली असते.

पदमसी २०२० साली गेले. पण प्रकरण संपलं म्हणता? लंडनहून आणलेल्या सुझा आणि पदमसींच्या सात कलाकृती मुंबईच्या कस्टम्सने अश्लील ठरवून अडकवून ठेवल्या. ऑक्टोबर २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि दोन आठवड्यांत त्या परत द्यायला सांगितल्या. त्याच वर्षी जुलैपासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे. कलम २९२ आता तिथे २९४ आहे.