खोट्या घरातला लाडका मुलगा

लंडनच्या बाँड स्ट्रीटवरील एस. जे. फिलिप्स या पेढीचे एप्रिल १९४३ चे एक बिल. माल : साखरपुड्याची हिऱ्याची अंगठी. किंमत : ५३ पौंड १० शिलिंग ६ पेन्स. गिऱ्हाईक : मेजर विल्यम मार्टिन, रॉयल मरीन्स. या नावाचा मेजर कधी जन्मालाच आला नव्हता.

त्याला कागदावर जन्म दिला नौदलाच्या गुप्तवार्ता विभागातील युइन मॉण्टेग्यू आणि एमआय-फाइव्हसाठी काम करणारे चार्ल्स चम्ली यांनी. दोस्त सैन्य उतरणार होते सिसिलीवर. जर्मनांना मात्र रोख ग्रीस आणि सार्डिनियाकडे आहे असे वाटायला हवे होते. तसे सुचवणारे जनरल नाय यांचे पत्र एका प्रेताजवळ ठेवून ते स्पेनच्या किनाऱ्याला लावायचे, असा बेत. पण नुसत्या सरकारी पत्रावर विश्वास कोण ठेवणार? म्हणून मेजरला घरदार दिले. वडिलांचे ऐटदार पत्र आले. खात्यावर ७९ पौंड १९ शिलिंग २ पेन्स जास्त उचलल्याचा बँकेचा तगादा आला. पॅम नावाच्या वाग्दत्त वधूची दोन पत्रे आली, सोबत तिचा फोटो. तो खरे तर एमआय-फाइव्हमधील जीन लेस्ली यांचा. प्रेमपत्रे नवीकोरी दिसू नयेत म्हणून त्यांच्या घड्या पुन्हा पुन्हा घातल्या गेल्या.

३० एप्रिलच्या पहाटे ‘सेराफ’ पाणबुडीने वेल्वाजवळ प्रेत समुद्रात सोडले. ते एका कोळ्याला सापडले. नायसाहेबांचे पत्र ब्रिटिशांकडे परत आले तेव्हा त्यात मुद्दाम ठेवलेला पापणीचा केस नव्हता. म्हणजे पाकीट उघडले गेले होते. डाव साधला.

हे कागद ताडून पाहिले तर दोन ठिकाणी शिवण उसवते. मेजरच्या खिशातील नाटकाची तिकिटे २२ एप्रिलची, पाणबुडी मात्र त्याला घेऊन १९ लाच निघालेली. शर्टाची पावती गीव्हज दुकानाची आणि रोखीची; अधिकारी तिथे रोखीने खरेदी करतच नसत. एरवी सगळे बिनचूक जुळते, आणि तेच संशय घेण्याजोगे आहे. वाचले जावेत म्हणूनच लिहिलेले कागद असे गोळीबंद असतात.

युद्धानंतर माजी मंत्री डफ कूपर यांनी १९५० मध्ये याच हकिकतीवर ‘ऑपरेशन हार्टब्रेक’ ही कादंबरी लिहिली. झाकली मूठ उघडली म्हटल्यावर १९५३ मध्ये मॉण्टेग्यूंनाही आपले पुस्तक काढू दिले गेले. त्यात मृताचे नाव नव्हते; माणूस न्यूमोनियाने गेला आणि नातेवाइकांनी संमती दिली, एवढेच होते. ही बखर पुढे चाळीसहून अधिक वर्षे प्रमाण मानली गेली. १९९६ मध्ये रॉजर मॉर्गन या हौशी संशोधकाला सरकारी दप्तरात खरे नाव सापडले : ग्लिंडूर मायकल.

त्याची नोंद चार ओळींत आटोपते. जन्म १९०९, वेल्समधील अबरबार्गोड. वडील खाणकामगार, त्यांनी स्वतःला भोसकून घेतले आणि १९२५ मध्ये ते गेले. आई १९४० मध्ये वारली. २४ जानेवारी १९४३ रोजी लंडनच्या सेंट पँक्रस रुग्णालयात ग्लिंडूरचा मृत्यू झाला. तो किंग्ज क्रॉसजवळच्या ओसाड वखारीत सापडला होता, पोटात उंदराचे विष होते. न्यूमोनियाची गोष्ट इथेच कोसळते. आणि संमती द्यायला आईबाप उरलेच नव्हते. फोटो, अंगठी, वडिलांचे पत्र हे सारे नसलेल्या माणसाच्या वाट्याला आले होते.

वेल्वाच्या दफनभूमीतील शिळेवर विल्यम मार्टिनची ओळख आहे, कार्डिफच्या जॉन ग्लिंडूर मार्टिन यांचा लाडका मुलगा. रचलेल्या बापाच्या नावात खऱ्या मुलाचे नाव मॉर्गनच्या शोधाआधीपासूनच उन्हात उघडे पडलेले होते. खाली नवी ओळ नंतर कोरली गेली : ग्लिंडूर मायकल याने मेजर विल्यम मार्टिन म्हणून सेवा बजावली. ‘लाडका मुलगा’ हे शब्द मात्र अजून त्या खोट्या घराचेच आहेत.