इलेक्ट्रॉनिक रुग्णनोंद : रुग्णपरिचर्येतील उपयोग

रुग्णाच्या तक्रारी, तपासण्या, औषधे आणि त्याची केलेली शुश्रूषा यांची संगणकात ठेवलेली नोंद. प्रत्येक नोंदीसोबत वेळ आणि नोंद करणाऱ्याचे नाव असते. भारतात तिची मानके केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१३ मध्ये जाहीर केली व २०१६ मध्ये सुधारली.

वॉर्डातला कागद बहुतांशी नर्सच्याच हातचा असतो. टीपीआर (तापमान, नाडी, श्वास) चार्ट, इनटेक-आउटपुट, औषधांचा चार्ट आणि पाळी बदलताना ‘ओव्हर’ देण्यासाठीचे रिपोर्ट बुक, असा एकाच रुग्णाचा ताप दोन-तीन ठिकाणी लिहिला जातो. नोंद एकदाच करून ती सर्वांना दिसावी, ही संगणकाकडून पहिली अपेक्षा. दुसरी अधिक मोलाची आहे. नाडी, श्वासगती, रक्तदाब, तापमान, ऑक्सिजनची पातळी, बाहेरून दिलेला ऑक्सिजन आणि शुद्धी या सात गोष्टींवरून धोक्याचे गुण काढण्याची ‘न्यूज’ ही पद्धत ब्रिटनमध्ये २०१२ साली आली. सात किंवा त्याहून अधिक गुण म्हणजे तातडीची मदत. ही बेरीज यंत्राने आपोआप केली, तर ‘पेशंट बरा वाटत नाही’ या सिस्टरच्या जाणिवेला आकड्याचा आधार मिळतो आणि डॉक्टरला बोलावताना तिचा शब्द वजनदार ठरतो.

मुंबईच्या उपनगरांत या नोंदीची गरज वेगळ्याच कारणाने तीव्र आहे. घाटकोपरचे राजावाडी, मुलुंडचे एम. टी. अगरवाल, बोरिवलीचे भगवती आणि २०१५ पासून वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले जुहूचे कूपर ही महापालिकेची रुग्णालये. उपनगरातला गंभीर रुग्ण पुढे शीव, केईएम किंवा नायर या मोठ्या रुग्णालयांत पाठवला जातो. त्याच्यासोबत नातेवाइकांच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीतले केसपेपर असतात. तिकडे रात्रपाळीची नर्स त्यांत जे शोधते ते फार साधे असते : इन्सुलिन शेवटचे कधी दिले, लघवी किती झाली, कोणते औषध सोसत नाही. कागद भिजला वा घरी राहिला, की हे सारे थकलेल्या नातेवाइकाला विचारावे लागते. २७ सप्टेंबर २०२१ रोजी सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमधील ‘आभा’ हा रुग्णाचा चौदा अंकी आरोग्य-ओळख क्रमांक या अडचणीसाठीच आहे. नोंद ज्या त्या रुग्णालयातच राहते आणि रुग्णाच्या संमतीने दुसरीकडे वाचता येते. मात्र पहिल्या वॉर्डात शुश्रूषेची नोंद संगणकावर झालीच नसेल, तर पुढे फक्त निदान आणि तपासण्यांचे अहवाल पोहोचतात.

भाषेचा प्रश्न याहून नाजूक आहे. मराठी रुग्ण दुखणे सांगताना कळ, ठणका, चमक, टोचणी, जळजळ असे शब्द नेमके वापरतो. ‘पोटात कळ येते’ आणि ‘पोटात जळजळ होते’ यांत फरक असतो आणि तो ओळखणे हे शुश्रूषेचे कौशल्य आहे. पडद्यावर तयार पर्यायांतून इंग्रजीत ‘पेन’ एवढेच निवडता आले, तर हा फरक नोंदीतून जातो. म्हणून रुग्णाचे शब्द देवनागरीत जसेच्या तसे लिहिण्याची जागा ही सोय नव्हे, गरज मानली पाहिजे.

उपयोगाला मर्यादा माणसांची आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे आणि अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक नर्स हवी. एका नर्सवर याहून कितीतरी अधिक खाटा असतील आणि कागद चालू ठेवूनच संगणकही भरायचा असेल, तर काम दुप्पट होते; मग आठ वाजताचा रक्तदाब अकरा वाजता आठवून भरला जातो. संगणक टेबलावर आणि रुग्ण वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला असला तरी हेच घडते. घाईत एकीच्या लॉगिनवर दुसरीने औषध नोंदवले, तर नोंदीतले नाव खोटे ठरते आणि पुढे चौकशी न दिलेल्या डोसबद्दल भलत्याच नर्सची होते. त्यासाठी प्रत्येकीला स्वतंत्र लॉगिन आणि खाटेपाशी नेता येईल असा टॅब लागतो.