प्रभातची संत-त्रयी

अमेरिकन चित्रपटांतील अतिमानवांच्या कथा आपल्याकडील मुलांना आता तोंडपाठ झाल्या आहेत. ख्रिस्तोफर नोलन याने २००५ ते २०१२ ह्या अवधीत बॅटमॅनवर काढलेल्या तीन चित्रपटांची चर्चा यवतमाळसारख्या जिल्ह्याच्या गावीही होऊ शकते, आणि त्यात वावगे काही नाही. मात्र अचाट सामर्थ्याच्या नायकांवर लागोपाठ तीन चित्रपट रचण्याचा उद्योग मराठीत फार पूर्वी होऊन गेला, याचे विस्मरण होऊ नये. सुपरमॅन १९३८ साली चित्रकथेत अवतरला. आमचे तुकोबा १९३६ च्या डिसेंबरातच रुपेरी पडद्यावरून सदेह वैकुंठास गेले होते.

कोल्हापुरात १९२९ साली स्थापन झालेली आणि १९३३ मध्ये पुण्यास आलेली प्रभात फिल्म कंपनी ही त्या उद्योगाची जननी. ‘संत तुकाराम’ (१९३६), ‘संत ज्ञानेश्वर’ (१९४०) आणि ‘संत सखू’ (१९४१) ही ती त्रयी. विष्णुपंत दामले व ‘साहेबमामा’ फत्तेलाल ह्या जोडीने पहिले दोन चित्रपट दिग्दर्शित केले. तिसऱ्यात राजा नेने त्यांच्या जोडीस होते. एक हिंदू व एक मुसलमान अशा दोन कसबी कारागिरांनी वारकऱ्यांचे दैवत घरोघरी पोहोचवावे, ही गोष्ट महाराष्ट्राच्या सांस्कृतिक इतिहासात सुवर्णाक्षरांनी लिहून ठेवण्यासारखी आहे.

‘संत तुकाराम’ मुंबईत वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवातही गौरविला गेला. हे यश चमत्कारांचे, असे पुष्कळांस वाटते. चमत्कार त्यात आहेत खरे. कीर्तनात शत्रू शिरताच एका शिवाजीचे अनेक शिवाजी होतात. बुडविलेली गाथा पाण्यातून परत येते. परंतु चित्रपटाचा प्राण तेथे नाही, तो जिजाईत आहे. मूल आजारी पडताच ही बाई पायातील वहाण हाती घेऊन थेट विठोबालाच जाब विचारावयास निघते. विष्णुपंत पागनिसांचे तुकोबा आकाशाकडे पाहतात, तर गौरीबाईंची जिजाई चुलीकडे, लेकरांकडे व म्हशीकडे पाहते. शेवटी विमान वर जाते आणि ती भूमीवरच उरते. वैकुंठ किती उंच आहे, हे प्रेक्षकास तिच्यामुळेच कळते. शिवाय हा नायक आपल्या सामर्थ्याने कोणासही मारीत नाही. राजाचा नजराणा परत करणे हाच त्याचा पराक्रम.

‘संत ज्ञानेश्वर’ हे तंत्रदृष्ट्या पुढचे पाऊल होते. रेड्याच्या मुखातून वेद निघतात, भिंत चालू लागते. त्या काळच्या साधनांनी हे साधणे लहान काम नव्हे. वाळीत पडलेल्या अनाथ भावंडांचे दुःखही त्यात हृद्य आहे. तथापि शाहू मोडकांचे ज्ञानेश्वर मोठे झाल्यावर त्यांच्याशी भांडणारे घरात कोणी उरत नाही. चांगदेवाची मात्रा चालेनाशी होते, पण ती चमत्काराने चमत्कारावर केलेली मात आहे. प्रेक्षक येथे हात जोडतो. ‘तुकारामा’त तो हसत-रडत होता.

‘संत सखू’मध्ये पुन्हा घर आले आणि सासुरवासही आला. हंसा वाडकरांची सखू बांधली जाते, आणि देव तिचे रूप घेऊन तिच्या जागी राबतो. कल्पना केवढी मोठी! पंढरीच्या वाटेस लागलेल्या सुनेच्या वाटचे कष्ट प्रत्यक्ष परमेश्वराने उपसावे, यात सासुरवासाचा जेवढा निषेध आहे तेवढा कित्येक सामाजिक नाटकांत नसेल.

दामले १९४५ साली निवर्तले. पुढे प्रभातही बंद पडली, आणि १९६० मध्ये तिच्या जागेत शासनाची चित्रपट-शिक्षणसंस्था उभी राहिली. आजचा सुबुद्ध वाचक चमत्कार पाहून संकोचतो आणि ही त्रयी भाबड्यांची म्हणून बाजूस ठेवतो. तसे करण्यात आपलीच हानी आहे. चमत्कार खरा की खोटा, हा वाद दामले-फत्तेलालांनी पडद्यावर मांडलाच नाही. चमत्कार घडला तेव्हा घरातल्या बाईचे काय झाले, हे त्यांनी विचारले. आणि जेथे हा प्रश्न विचारला गेला तेथेच त्यांची कला सर्वांत उंच गेली. अतिमानवाची उंची मोजावयास शेजारी साधा माणूस उभा असावा लागतो. आजच्या पडद्यावर नगरेच्या नगरे कोसळतात, पण हाती वहाण घेऊन देवास जाब विचारणारी जिजाई मात्र क्वचितच दिसते.