तार जोडली कोणी?

मंडळी, आज सुरुवात एका साध्या वस्तूपासून करू. डिजिटल कॅमेऱ्याला लावायचा वायर रिलीज. कॅमेरा तिपाईवर असला तरी बटण दाबताना बोटाचा धक्का बसतो आणि रात्रीचा फोटो हलतो. म्हणून बटण वायरच्या दुसऱ्या टोकाला न्यायचं. आत बहुधा तीनच तारा असतात. अर्धं दाबलं की सामाईक तार फोकसच्या तारेला टेकते, पूर्ण दाबलं की शटरच्या. सर्किट पूर्ण, फोटो तयार!

तत्त्वज्ञान शिकवण्यात जन्म गेलेल्या आम्हाला यात रस का? तर बोट कॅमेऱ्यापासून लांब गेलं, की प्रश्न उभा राहतो : कृती नेमकी कोणाची?

आता आपण 1878 च्या जून महिन्यात, कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोला जाऊ. धावत्या घोड्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटतात का, हा तेव्हाचा वाद. रेल्वेसम्राट लीलंड स्टॅनफर्ड यांनी पैसा पुरवला, एडवर्ड मायब्रिज यांनी धावपट्टीलगत 12 कॅमेरे मांडले. बोटाच्या वेगानं हे काम होणारच नव्हतं. मग पट्टीवर आडवे दोरे ताणले. घोडी धावत आली, छातीनं एकेक दोरा ओढत गेली, विजेचं सर्किट जुळलं, शटर पडलं. पाय सुटतात, हे सिद्ध झालं. म्हणजे पाहा, आजच्या वायर रिलीजचं तत्त्व तेच. फक्त बटण घोडीनं दाबलं!

मग फोटो कोणाचा? घोडीचा? पैसेवाल्याचा? विजेच्या शटरची यंत्रणा आखणाऱ्या जॉन आयझॅक्स या इंजिनिअरचा? हा आमचा वर्गातला खेळ नव्हे बरं का. 1882 मध्ये स्टॅनफर्ड यांनी ‘द हॉर्स इन मोशन’ हे पुस्तक काढलं. लेखक म्हणून नाव डॉ. स्टिलमन यांचं, मुखपृष्ठावर मायब्रिज नाहीत! ते कोर्टात गेले, पण निकाल त्यांच्या बाजूनं लागला नाही.

आमचं मत विचाराल, तर फोटो त्याचा, ज्यानं दोरा कुठे ताणायचा हे ठरवलं. बोट लांब गेलं म्हणून कर्तेपण लांब जात नाही. निर्णय फक्त आधी घेतला जातो.

आपल्याकडे एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्यांनी 1920 च्या दशकात संयुक्त प्रांताच्या जंगलात हेच केलं. वाटेवर तार ताणली. रात्री वाघाचा पाय लागला की फ्लॅश उडायचा. बंदुकीऐवजी कॅमेरा धरणारे हे गृहस्थ. पण वाघाची वाट कुठली, तार किती उंचीवर, हे ठरवलं त्यांनीच.

आज ताडोबात, मेळघाटात कॅमेरा ट्रॅप वाघ मोजतात. आता तारेची गरज नाही, समोरची हालचाल आणि ऊब पुरते. पण त्या यंत्राला वाघ आणि सरपणाला निघालेली बाई यांत फरक कळत नाही. तिचा फोटो निघाला, तर ‘आपोआप निघाला’ म्हणून चालेल का? नाही. कॅमेरा त्या झाडाला कोणीतरी बांधलाय. व्याकरणात कर्ता लपवता येतो, मंडळी. व्यवहारात तो शोधावाच लागतो.