फाउस्तो कोप्पी: सहायक ते संघनायक

इटलीतील सायकल शर्यतींत प्रत्येक संघाला एक नायक असे. बाकीचे 'ग्रेगारिओ' त्याच्यापुढे राहून वारा अडवत, पाणी आणत, प्रसंगी आपले चाकही काढून देत. फाउस्तो कोप्पी १९४० मध्ये लेन्यानो संघात आला तो जीनो बार्ताली या मातब्बर नायकाचा असाच सहायक म्हणून. त्या वर्षीच्या 'जिरो द'इतालिया'त बार्ताली सुरुवातीलाच पडून मागे राहिला. कोप्पीने फ्लोरेन्स-मोदेना टप्पा जिंकून आघाडी घेतली. पुढे डोलोमाइट पर्वतात तो खचला, तेव्हा त्याला सावरले बार्तालीनेच. विसाव्या वर्षी मिळालेल्या या विजेतेपदात ज्येष्ठाचा हा वाटा मोलाचा आहे.

महायुद्धानंतर कोप्पी बियांकी संघाचा नायक झाला आणि बार्तालीशी कडवे वैर जडले. तरीही १९४९ च्या 'तूर द फ्रान्स'मध्ये दोघे इटलीसाठी एकत्र आले. ब्रियाँसाँचा टप्पा बार्तालीच्या पस्तिसाव्या वाढदिवशी होता. बरोबरीने धावलेल्या कोप्पीने तो त्याला जिंकू दिला. शर्यत मात्र कोप्पीने जिंकली. १९५२ च्या 'तूर'मध्ये त्याचा सहायक आंद्रेआ कारेआ याला अनपेक्षितपणे आघाडीवीराची पिवळी जर्सी मिळाली. नायकाचा मान हिरावल्याच्या भीतीने तो रडला. कोप्पीने त्याचे मनापासून अभिनंदन केले.